जुना गेम एकदा नीट होतो आणि परत बिघडतो, त्याचं काय करायचं

"भावा, परत काळं पडलं बघ."

रात्री अकराला फोन. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथसारखं मशिन, चालवणारा माझा मित्र, आणि दोन महिन्यांत तिसऱ्यांदा. गेम तोच, १९९८ सालचा, एकेक सैनिक गुपचूप शत्रूच्या तळात घुसवायचा तसला, डिजिटल दुकानातून पैसे मोजून घेतलेला. पहिल्या वेळी मी त्याच्या घरी जाऊन नीट केला आणि चहा पिऊन आलो. दुसऱ्या वेळी फोनवर सांगितलं. तिसऱ्या वेळी विचारलं, "मधी काय केलास?" तर म्हणाला, "काईच न्हाई."

आणि ते खरंच होतं. त्यानं काही केलं नव्हतं. जे केलं ते लॅपटॉपनं परस्पर केलं होतं. एकदा दुकानाच्या अ‍ॅपनं फायली तपासून मी बदललेली फाइल पुन्हा मूळपदावर आणली, एकदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा आला, आणि यावेळी अँटिव्हायरसनं मी टाकलेली एक डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमची मदतनीस फाइल, उचलून कोंडून ठेवली. गेम नीट करणं हे निम्मं काम. नीट केलेलं टिकवणं हे उरलेलं निम्मं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

मित्राला मी त्याच्याच भाषेत समजावलं. जुना शाफ्ट आहे, नव्या हाउसिंगचं भोक मोठं आहे. शाफ्टला हात लावायचा नाही, हाउसिंग बदलायची नाही. मग मधे बुश, म्हणजे फट भरणारी नळी, घालतोस का नाही? पुन्हा विक्रीला आलेला जुना गेम म्हणजे हाच मामला. बहुतेक वेळा गेमच्या आतलं यंत्र तेच जुनं असतं. दुकानदारानं फक्त मधे बुश बसवून दिलेला असतो. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, काळातल्या गेमला डॉसबॉक्स हा डॉसचं सोंग घेणारा प्रोग्रॅम बुश असतो, विंडोज ९८ च्या गेमला एखादी ग्राफिक्सची डीएलएल. गेम बिघडला की नव्व्याण्णव वेळा गेम बिघडलेला नसतो, बुश सटकलेला असतो. मग आधी बुश कुठला ते ओळखायचं, आणि तो परत का सटकला ते शोधायचं.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग १९९९ चा. त्याची एचडी आवृत्ती २०१३ ला आली आणि डेफिनिटिव्ह आवृत्ती २०१९ ला. या नव्या आवृत्त्या नव्या विंडोजसाठी केलेल्या आहेत, त्यांचं दुखणं वेगळं असतं. इथं बोलतोय ते जुन्याच गेमबद्दल, जो तसाच्या तसा परत विकला जातो.

घरात सीडी असताना परत पैसे का घालायचे

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून उरकून टाकू. आजच्या ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी सीडींवर गेम ३२ बिटचा असला तरी त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा असायचा. म्हणजे गेम चालला असता, पण दारातच अडकला. दुसरं, सीडीच्या नकला होऊ नयेत म्हणून सेफडिस्क नावाचं कुलूप घालायचे. ते कुलूप विंडोजच्या पोटात एक ड्रायव्हर बसवून चालायचं, आणि सुरक्षेच्या कारणानं विंडोज १० नं तो ड्रायव्हर चालवायचंच बंद केलं. ओरिजनल सीडी हातात असली तरी उपयोग शून्य.

तसं खरं बोलायचं तर आपल्याकडच्या सीडी ओरिजनल कुठं होत्या? एका सीडीत पंधरा गेम, वर मार्करनं लिहिलेलं. राजारामपुरीतल्या कॅफेत तासाला वीस रुपये देऊन आम्ही जे खेळलो, त्यातलं एकही खोकं कुणी उघडताना पाहिलं नव्हतं. माझ्याकडचा साठा २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा खालच्या फळीवर होता. गाळ काढताना सीड्या निघाल्या, चांदी उडालेल्या. तेव्हापासून जे खेळतोय ते विकत घेऊन. दोन दुकानं आपल्या कामाची. स्टीम सगळ्यांना माहीत आहे. जीओजी हे पोलंडमधलं, २००८ ला सुरू झालं तेच मुळी जुने गेम नव्या मशिनवर चालतील असे करून विकण्यासाठी, आणि तिथल्या गेमला कुलूप नसतं. गेमचा पूर्ण इन्स्टॉलर उतरवून आपल्याजवळ ठेवता येतो. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व पुढं कळेल.

आधी साल बघा, मग फोल्डर उघडा

फोनवर मी पहिला प्रश्न "काय दिसतंय" असा विचारत नाही. विचारतो, "कुठल्या सालचा आहे?" १९९५-९६ पर्यंतचा असेल तर बहुधा डॉस. त्यानंतर २००० च्या आसपासपर्यंत डायरेक्टड्रॉ आणि ग्लाइड या पडद्यावर चित्र काढायच्या जुन्या पद्धतींचा काळ. त्यापुढं त्याच कामाचं मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टएक्स ८ आणि ९. सरहद्दी काटेकोर नाहीत, पण अंदाज येतो.

मग गेम बसवला आहे ते फोल्डर उघडायचं. आत डॉसबॉक्स नावाचं फोल्डर असेल तर प्रश्न मिटला, हा डॉसचा गेम. गेमच्या ईएक्सई (गेम सुरू करणारी फाइल) शेजारी डीड्रॉ नावाची डीएलएल दिसली, तर दुकानदारानं बुश आधीच घातलाय असं समजा, त्याच्यावर दुसरा बुश ठोकू नका. माझ्याकडं येणाऱ्यातले निम्मे इथंच चुकलेले असतात. कुठल्यातरी व्हिडिओत बघून दुकानाची डीएलएल पुसून दुसरी टाकलेली, वर कॉम्पॅटिबिलिटीच्या टॅबमध्ये दिसेल त्या चौकोनात टिचकी मारलेली. विंडोज ९८, २५६ रंग, ६४० बाय ४८०, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, सगळंच. औषधाच्या दुकानातली सगळी औषधं एकदम घेतल्यासारखं. त्या टिचक्या आधी सगळ्या काढा. गेम काढून पुन्हा स्वच्छ बसवा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी चालवून बघा. मित्राला हे पटकन पटलं, कारण मशिनवर तोही दोन ऑफसेट एकदम बदलत नाही.

पडदा काळा, मागं आवाज चालू

हाच तो रात्री अकराचा रोग. आवाज येतोय म्हणजे गेम जिवंत आहे, चित्र तेवढं पोचत नाही. त्या काळचा गेम ६४० बाय ४८० किंवा ८०० बाय ६०० मागतो, पूर्ण पडद्याचा ताबा मागतो, आणि बऱ्याचदा २५६ रंगांची पाटी मागतो. आजचं विंडोज असा ताबा कुणाला मनापासून देत नाही आणि २५६ रंगांचं सोंग काढून दाखवतं. त्या सोंगात कुणाचा पडदा काळा होतो, कुणाचे रंग होळीसारखे होतात, हिरवळ जांभळी आणि माणसं निळी. विंडोज ७ च्या काळात लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून रंग नीट करायचे. ती युक्ती आता विसरा.

आता यावर सगळ्यात भरवशाचा बुश म्हणजे डीजीव्हूडू २. जुन्या डायरेक्टएक्सची आणि ग्लाइडची भाषा तो डायरेक्टएक्स ११ किंवा १२ मध्ये भाषांतर करून ग्राफिक्स कार्डला सांगतो. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरूनच उतरवा. झिप उघडली की एमएस नावाचं फोल्डर, त्यात एक्स८६ आणि एक्स६४ अशी फोल्डरं. इथं दहातले आठ जण एक्स६४ उचलतात, कारण "माझं विंडोज ६४ बिट हाय की." विंडोज असू दे, गेम ३२ बिटचा आहे. डीएलएल ही गेमच्या मापाची लागते. एक्स८६ मधल्या डीएलएल आणि बाहेरचा कंट्रोल पॅनलचा ईएक्सई, हे सगळं गेमच्या ईएक्सईला लागून ठेवायचं. लागून म्हणजे त्याच फोल्डरात. काही गेमचा खरा ईएक्सई आत दुसऱ्या फोल्डरात असतो आणि बाहेरचा नुसता लाँचर, तेवढं बघा.

पहिल्यांदा चालवताना वॉटरमार्क चालूच ठेवा. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात डीजीव्हूडूचं चिन्ह दिसलं तर बुश बसला. नाही दिसलं, तर तुम्ही काहीही सेटिंग करा, गेमला त्याचा पत्ताच नाही, डीएलएल चुकीच्या जागी आहे. दिसलं की मग ते चिन्ह बंद करा आणि स्केलिंगमध्ये प्रमाण राखून ताणण्याचा पर्याय निवडा. तेवढ्यानं काळा पडदा, रंगांची होळी आणि ताणलेले चेहरे हे तिन्ही प्रश्न बहुधा एकदम जातात. फक्त डायरेक्टड्रॉवर चालणारा, त्रिमितीचं नाव नसलेला गेम असेल तर सीएनसी-डीड्रॉ नावाचा हलका बुशही भारी काम करतो. मित्राला नाव ऐकूनच आनंद झाला, पण त्यातलं सीएनसी म्हणजे कमांड अँड कॉन्कर, लेथ नव्हे.

अल्ट-टॅब केल्यावर गेम मरतो ही तक्रारही याच घरातली. पूर्ण पडद्याचा ताबा सुटतो आणि जुन्या गेमला तो परत घेता येत नाही. बुशमधून खिडकीत चालवा, किंवा फोन आला तर उठा आणि बाहेर जाऊन बोला.

कधी पडदा काळा नसतो, पण चित्राचा डावीकडचा वरचा तुकडाच दिसतो, किंवा माउस एका जागी आणि टिचकी दुसऱ्या जागी. लॅपटॉपवर अक्षरं मोठी दिसावीत म्हणून विंडोज १२५ किंवा १५० टक्के करून देतं, त्याचा हा घोळ. ईएक्सईच्या प्रॉपर्टीजमध्ये कॉम्पॅटिबिलिटी, त्यात हाय डीपीआयची सेटिंग, तिथं स्केलिंग अ‍ॅप्लिकेशनकडं सोपवा. दोन मिनिटांचं काम.

वेग

डॉसचा गेम घोड्यासारखा उधळतो किंवा गोगलगाय होतो. कारण तेव्हाचे काही गेम प्रोसेसरच्या वेगावरच घड्याळ लावून चालायचे. डॉसबॉक्स त्यासाठी सायकल्स, म्हणजे ठरावीक वेळात प्रोसेसरनं किती काम करायचं ते, मोजतो. आपोआप ठेवलं तर साध्या डॉस गेमला तो ३००० देतो, आणि प्रोटेक्टेड मोडचा, म्हणजे जास्त मेमरी वापरणारा नंतरचा गेम दिसला की मशिन देईल तितकं. डेंजरस डेव्ह, डॉसवर १९९० चा, आपल्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला देवच, त्याला ३००० पुष्कळ झाले. १९९६ चा ड्यूक नुकेम ३डी तेवढ्यात हलणारही नाही. साधारण अंदाज म्हणून, ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ या जुन्या प्रोसेसरचा वेग पंचवीस हजार सायकल्सच्या आसपास येतो. खेळता खेळता कंट्रोल आणि एफ१२ दाबून वाढवा, कंट्रोल आणि एफ११ दाबून कमी करा. लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. जमला तो आकडा कागदावर लिहा आणि कॉन्फ फाइलीत, म्हणजे डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलीत, सायकल्सपुढं कायमचा घाला, नाहीतर उद्या परत तेच.

माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ१०. बोट घसरून एफ९ वर पडलं तर डॉसबॉक्स तिथल्या तिथं बंद होतो, विचारत नाही. मी एकदा दोन तासांची मेहनत अशी घालवली आहे, त्यामुळं सेव्ह करून मगच.

सुरू होतानाच "रनटाइम एरर २००" असं म्हणून गेम आडवा झाला तर घाबरू नका. टर्बो पास्कलमध्ये (प्रोग्रॅम लिहायचं जुनं साधन) लिहिलेले प्रोग्रॅम सुरुवातीला मशिनचा वेग मोजायचे, आणि साधारण २०० मेगाहर्ट्झच्या वर गेलं की तो हिशेब मावायचा नाही. सायकल्स कमी करा, उठून बसतो.

विंडोजच्या गेमचं दुखणं वेगळं. तिथं सेकंदाला फ्रेम, म्हणजे चित्रं, किती पडतात त्यावर भौतिकशास्त्र अवलंबून. भाच्यानं १४४ हर्ट्झचा लॅपटॉप घेतला आणि जीटीए सॅन अँड्रियास लावला, २००४ चा गेम, पीसीवर २००५ ला आलेला. मेनूतला फ्रेम लिमिटर बंद केला, कारण मित्र म्हणाला "स्मूद होतंय." स्मूद झालं, आणि नायक पाण्यात पोहायचा विसरला. लिमिटर चालू करायला सांगितलं, पोहायला लागला. तसला पर्याय ज्या गेममध्ये नाही, त्याला ग्राफिक्सच्या पॅनलमधून त्या एका गेमपुरते ६० फ्रेमचं बंधन घाला. तिथंही घोळ वाटला तर ३०. हे बंधन ड्रायव्हरच्या प्रोफाइलमध्ये राहतं, ड्रायव्हर स्वच्छ करून नवा टाकला की जातं. "परत बिघडलं" चं हे एक नेहमीचं कारण.

सेव्ह गायब, मग परत हजर, मग परत गायब

यावर जरा थांबतो, कारण हे भुताटकीसारखं वाटतं आणि कारण मात्र साधं आहे.

जुना गेम आपले सेव्ह आपल्याच फोल्डरात लिहितो. प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवलेला असेल तर आजचं विंडोज तिथं लिहू देत नाही. पण गेमला "नाही" असं तोंडावर म्हणतही नाही. ते लिहिलेलं गुपचूप दुसरीकडं ठेवतं: यूजर्समध्ये तुमच्या नावाखाली, अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. गेमला वाटतं आपण आपल्याच घरात लिहिलं. इथवर ठीक. मग एखाद्या दिवशी दुसऱ्याच कारणासाठी तुम्ही "अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा" वर टिचकी मारता. आता गेमला अधिकार आहेत, त्यामुळं ही लपवाछपवी बंद. तो खऱ्या फोल्डरात बघतो, तिथं काहीच नाही. सेव्ह गेले! तुम्ही नव्यानं खेळता, चार दिवसांनी कुणीतरी टिचकी काढतं, जुने सेव्ह परत येतात आणि नवे गायब होतात. माझ्या मेहुण्यानं यावर लॅपटॉपला नारळ फोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

उपाय एकच. जुने गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवायचेच नाहीत. सी किंवा डी ड्राइव्हवर गेम्स नावाचं साधं फोल्डर करा, तिथं बसवा. सापडलेले सेव्ह व्हर्च्युअलस्टोअरमधून उचलून तिथं आणा. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, ते दिसायला एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू करा.

आणि आता खास आपल्याकडचा रोग, जो इंग्रजीतल्या कुठल्याही मदतीत सापडणार नाही. मित्राच्या लॅपटॉपवर एक गेम सुरूच होईना. काळा पडदा नाही, चूक नाही, नुसतं येतो आणि जातो. डीएलएल बदलल्या, ड्रायव्हर बदलला, दोन रविवार घालवले. शेवटी फोल्डरचा पत्ता वाचला आणि कपाळाला हात लावला. लॅपटॉप आणला त्या दिवशी पोरीनं हौसेनं खातं मराठीत काढलं होतं. देवनागरीत नाव! त्यामुळं यूजर्सच्या आतलं फोल्डरही देवनागरीत. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा एकच अक्षरसंच, न कळणारा जुना गेम विंडोजकडं पत्ता मागतो तेव्हा त्याला जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचातून उत्तर मिळतं, आणि देवनागरीला तसा संचच विंडोजमध्ये कधी नव्हता, आपली लिपी थेट युनिकोडमधूनच आली. म्हणून गेमच्या हातात पडतात नुसती प्रश्नचिन्हं. त्या नावाचं फोल्डर कुठंच नाही, सेव्ह करायला जागा नाही, गेम मुकाट्यानं बंद.

खात्याचं दिसणारं नाव बदलून हे सुटत नाही, आतल्या फोल्डरचं नाव तेच राहतं. इंग्रजी साध्या अक्षरांत, मधे जागा न सोडता, नवं स्थानिक खातं काढा आणि गेम त्यातून खेळा. जुनं खातं आहे तसं असू द्या, पोरीचं मन मोडायचं कारण नाही. गेम बसवायच्या फोल्डरचं नावही "जुने गेम" असं मराठीत ठेवू नका. मला मराठीचा अभिमान आहे, पण १९९८ च्या प्रोग्रॅमला तो कसा सांगणार. विंडोजमध्ये सगळीकडं यूटीएफ-८ वापरा असा एक प्रायोगिक पर्याय आहे, त्यानं एखादा गेम सुटतो, पण दुसरा अडकतो. मी त्याच्या नादाला लागत नाही.

बारीकसारीक

माणसं बुटकी आणि जाडी दिसतात: डॉसचे बहुतेक गेम ३२० बाय २०० चे, पण तेव्हाचा मॉनिटर चारास तीन. त्यावर एकेक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला सव्वा पटीच्या जरा आत असायचा. आज चौकोनी ठिपक्यांवर तेच चित्र चपटं होतं. कॉन्फ फाइलीत अ‍ॅस्पेक्ट ट्रू करा, आउटपुट ओपनजीएल, फुलरिझोल्युशन डेस्कटॉप. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या तशाच असू द्या. पट्ट्या नकोत म्हणून ताणणारे लोक मला समजत नाहीत.

गेम डी३डीएक्स९_४३ ही डायरेक्टएक्सची फाइल सापडत नाही असं म्हणत असेल तर ती एक डीएलएल नुसती डीएलएल वाटणाऱ्या साइटवरून आणू नका, सोबत काय येईल सांगता येत नाही. मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स संच चालवा. बऱ्याच गेमच्या फोल्डरात तो आधीच असतो. त्यानं तुमचं डायरेक्टएक्स १२ बिघडत नाही, तो शेजारी नांदतो.

गेमनं डायरेक्टप्ले (जुन्या गेमची नेटवर्कवर खेळायची सोय) मागितलं तर कंट्रोल पॅनलमधल्या विंडोज फीचर्सच्या यादीत लेगसी कंपोनंट्सखाली ते आहे. विंडोज नव्यानं टाकलं की ते बंदच असतं, परत चालू करावं लागतं.

क्वेक ३ आणि त्याच्या इंजिनावरचे गेम कधीकधी सुरू होतानाच कोसळतात. ग्राफिक्स कार्ड आपल्याला काय काय येतं याची यादी सांगतं, ती १९९९ ला छोटी होती, आज मारुतीच्या शेपटासारखी, आणि गेमनं ठेवलेल्या जागेत मावत नाही. त्याचा सोर्स कोड २००५ ला खुला झाला, क्वेक ३ साठी त्यावरून बनलेलं आयओक्वेक३ वापरा, क्वेक ३ ची डेटा फाइल तुम्ही विकत घेतलेलीच. डूमचंही तसंच, कोड १९९७ पासून खुला आहे, डॉसबॉक्सच्या वाटेला जायची गरज नाही.

एकजण म्हणाला, "ह्यापेक्षा जुन्या डब्यात विंडोज ७ ठेवतो." ठेवा, पण स्टीमनं १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला आहे.

नीट झालेलं टिकवायचं कसं

स्टीमवर गेमच्या फायली "पडताळून" घेतल्या की त्यांच्या यादीशी न जुळणारी फाइल मूळपदावर येते. तुम्ही नव्यानं टाकलेल्या, यादीत नसलेल्या फायली सहसा तशाच राहतात. म्हणून जिथं जमेल तिथं दुकानाची फाइल बदलण्यापेक्षा आपली फाइल शेजारी ठेवा. बदलावीच लागली तर नीट चालणाऱ्या अवस्थेतली तिची प्रत गेमच्या बाहेर दुसऱ्या फोल्डरात ठेवा. प्रॉपर्टीजमध्ये "गेम सुरू करतानाच अपडेट करा" हा पर्याय निवडला की मध्यरात्री परस्पर काही होत नाही. जीओजीवर मी अ‍ॅप वापरतच नाही. खात्यातून ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवायचा, पेन ड्राइव्हवर, एकदा आणि कायमचा. तो पेन ड्राइव्ह माझ्याकडं माळ्यावर असतो, २०१९ ची आठवण आहे. गेम बंद पडला तर वीस मिनिटांत जसाच्या तसा परत.

अँटिव्हायरसनं डीएलएल कोंडली असेल तर विंडोज सिक्युरिटीत प्रोटेक्शन हिस्टरी बघा. डीएलएल बनवणाऱ्याच्याच पानावरून आणली असेल तर सोडवा. कुठून आणली आठवत नसेल तर पुसून टाका आणि नव्यानं आणा. अख्खं फोल्डर डोळे मिटून वगळू नका.

आणि प्रत्येक गेमच्या फोल्डरात एक नोटपॅडची फाइल. त्यात तारीख, काय बदललं, का. "डीजीव्हूडू, एक्स८६, वॉटरमार्क बंद, ६० फ्रेम." एवढं पुरतं. मित्राच्या गेमची माझ्याकडं अशी नोंद नव्हती म्हणून तीनदा तेच शोधलं. आता आहे, त्याच्याच अक्षरात, ड्रॉइंग नंबर असल्यासारखी.

तरीही अडलं तर मला विचारा, पण विचारताना गेमचं नाव आणि साल, कुठून घेतला, विंडोज कुठलं, ग्राफिक्स कार्ड कुठलं, गेम कुठल्या फोल्डरात आहे त्याचा पूर्ण पत्ता आणि आधी चालत होता का, एवढं लिहा. पडद्याचा फोटो काढणार असाल तर सरळ काढा, ट्यूबलाइट दिसते, चूक दिसत नाही. आणि अकरानंतर फोन नको. मेसेज टाकून ठेवा, सकाळी बघतो.